मिस्त्रीबरोबर महाबळेश्वर

महाबळेश्वरला जाऊन आलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. कुठले कुठले पॉइंट पाहिलेत? आणि स्ट्रॉबेरी काय भाव होती? यंदा मला दोन्हींची उत्तरं धड देता येईनात. कारण या खेपेला मी ज्याच्याबरोबर गेले त्याला पॉइंटांमध्ये काडीचाही रस नव्हता. काडीत मात्र होता! तो सुतार आहे.

तर मंडळी, 'महाबळेश्वरला काय पाहाल' या छापाचे लेख तुम्ही पुष्कळ वाचले असतील. सुताराने तिथे काय पाहावं, हे कोणी लिहिलेलं निदान माझ्या वाचनात नाही. ते आज लिहिते. आणि लिहिता लिहिता घरच्या मंडळींशी, विशेषतः मुंबई-पुण्याच्या आणि परदेशातल्या पुतण्यांशी, जे बोलायचं आहे तेही बोलून घेते. फोनवर हा विषय निघाला की आवाज चढतात. लिहिलेलं माणूस शांतपणे वाचतो, असा चाळीस वर्षं वह्या तपासल्याचा अनुभव आहे.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. आमचं निडी म्हणजे पनवेल-रोहा मार्गावर नागोठण्यानंतरचं आणि रोह्याच्या अलीकडचं लहानसं स्टेशन. मोठ्या गाड्या इथून न थांबता जातात. गावात आमचं जुनं घर आहे, माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. नव्वदीच्या पुढे गेलेलं. मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि मधे सगळा लाकडाचा सांगाडा. ओटी, माजघर, वर माळा. ते पाडून स्लॅबचं घर बांधायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला घरातच संडास-बाथरूम हवं असतं, तिने जुन्या घराचे गोडवे किती गायचे! प्रश्न आहे तो लाकडाचा. जुनं लाकूड घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने सगळ्याची उक्ती रक्कम सांगितली आहे. आणि कंत्राटदार म्हणतो, जेसीबी लावला की एका दिवसात मैदान मोकळं.

आता मिस्त्रीविषयी. तो माझा विद्यार्थी. सातवीनंतर शाळा सोडून बापाच्या हाताखाली गेला. वर्गात मी त्याला नावाने हाक मारायची, आता सगळा गाव मिस्त्री म्हणतो म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. पायथागोरसाचा सिद्धांत त्याला कधी पाठ झाला नाही. पण एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार मोजून तिरकं माप पाच भरतं का, हे सुतळीने पाहून तो कुठलीही चौकट काटकोनात लावतो. हे मला कळलं तेव्हा तो तिशीचा होता. आता साठी ओलांडली आहे. त्याचा मुलगा रोह्यात खिडक्यांचं काम करतो, पण लाकडाच्या नाही. अॅल्युमिनियमच्या आणि त्या पांढऱ्या प्लॅस्टिकसारख्या सरकत्या. चांगलं चाललंय त्याचं. त्याने जुनी का होईना गाडी घेतली, आणि आईला महाबळेश्वर दाखवायचं कबूल केलेलं होतं ते डिसेंबरात पुरं करायचं ठरवलं. मिस्त्रीची बायको मला म्हणाली, "बाई, एक जागा आहे. चला ना, हे दोघं बोलत नाहीत एकमेकांशी, मी एकटी काय करू?"

बाप-लेकांचं न बोलणं भांडणातलं नव्हतं. बोलायला विषयच उरला नव्हता, तशातलं.

कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर आणि मग आंबेनळी घाट. चढून गेलं की आधी प्रतापगडाचा फाटा लागतो. सुताराने पाहण्याचं पहिलं ठिकाण मी हेच लिहीन. आपण गडावर जाऊन अफझलखान आठवतो, १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख आठवतो. मिस्त्री दरवाजापाशीच थांबला. दाराच्या फळ्या केवढ्या जाड, लोखंडी पट्ट्या कशा, बिजागरीच्या जागी काय, हे तो हात लावून पाहत होता. वजन किती असेल, ते रोज संध्याकाळी लावायला माणसं किती लागत असतील, याचा त्याचा हिशोब चालला होता. "दार जड असलं की भिंतीला त्रास," तो म्हणाला. "भार चौकटीवर नाही, खाली दगडावर घ्यायचा असतो." गडाची तटबंदी मी पन्नास वेळा शिकवली असेन, पण दाराचा भार कुठे जातो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तिथेच पायऱ्यांवर बसून मी त्यांना रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राबद्दल सांगितलं. आरमाराला लाकूड हवं, तर सागासारखी झाडं परवानगी घेऊन तोडून आणावीत, पण आंबा-फणसाला हात लावू नये. कारण ही झाडं एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्यातला आशय. मिस्त्रीचा मुलगा गाडी चालवून दमला होता, तरी ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे तेव्हापण लाकूड महागच होतं." मी म्हटलं, "महाग नव्हे रे, मोलाचं." असो. मास्तरकी सुटत नाही.

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८-२९च्या सुमाराला, हे थंड हवेचं ठिकाण वसलं, म्हणून बाजारपेठेला माल्कम पेठ नाव पडलं. या बाजारात आपण चणे, फुटाणे, चपला बघत फिरतो. सुताराने बघाव्या त्या हातातल्या काठ्या. इथल्या दुकानांत काठ्यांचे भारेच्या भारे उभे असतात. मिस्त्रीने पंधरा-वीस तरी काठ्या उचलल्या. काठी आधी डोळ्यासमोर धरून टोकाकडे पाहायची, वाकडी आहे का ते कळतं. मग तिच्यावरच्या रेषा पाहायच्या. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेल्या असतील तर काठी भार घेते. मधेच बाजूला निघून गेल्या असतील, तर तिथेच एके दिवशी मोडते, आणि ती मोडते तेव्हा आपण तिच्यावर रेललेलो असतो! माझ्या वयाच्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. पॉलिश आणि नक्षी पाहून काठी घेऊ नये. त्याने निवडून दिलेली अगदी साधी काठी आता माझ्या हातात असते.

खेळण्यांच्या दुकानात त्याने आणखी गंमत केली. रंगीत, गुळगुळीत लाकडी खेळणी पाहून म्हणाला, ही इथली नाहीत. दुकानदार हसून म्हणाला, "बरोबर, बाहेरून येतात, चन्नपट्टणची आहेत." कर्नाटकातल्या चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या जातीचं पांढरट लाकूड कातून, ते फिरत असतानाच त्यावर लाख घासतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. वेगळा ब्रश लागत नाही. नक्षीचे डबे होते ते सहारनपूरकडचे, शिशमाचे. "आपला शिसव वेगळा, काळपट जांभळा. हा शिशम उत्तरेतला, चुलत भाऊ म्हणा," मिस्त्री म्हणाला. मग या गावचं स्वतःचं लाकूडकाम कुठलं? मला वाचलेलं आठवलं की एकोणिसाव्या शतकात इथे चिनी कैद्यांचा तुरुंग होता, १८६४ साली तो बंद झाला. भाजीपाला पिकवणं आणि वेताच्या टोपल्या-खुर्च्या विणणं ही त्या कैद्यांची कामं. कुठले कुठले लोक, कुठे आणून टाकलेले, आणि हाताला काम मिळालं तर काय करून गेले!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री. यातली सावित्री तेवढी आपल्या बाजूला उतरते, पोलादपूर-महाडवरून समुद्राला मिळते. बाकी जग पूर्वेकडे जातं, एक लेक कोकणात दिलेली! दर्शन झाल्यावर जंगलातल्या वाटेने थोडं चाललो. इथे पुष्कळ झाडं जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा यांची. कड्याच्या बाजूची वाऱ्याने खुजी राहिलेली, पिळवटलेली. मिस्त्री म्हणाला, "बाई, इथे साग नाही बघा." खरंच. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथलं हे सदाहरित रान, सागाचं नव्हे. साग खालचा, आपल्या बाजूच्या पानझडीच्या जंगलातला. म्हणजे इथल्या जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत जे सागवान दिसतं ते घाटाखालून चढवून आणलेलं असणार. आणि इथल्या रानातली फांदीही आता कोणी तोडायची नाही. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे.

पिळाचं झाड सुताराच्या काय कामाचं, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, "माझ्या कामाचं नाही. म्हणून तर उभं आहे." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

जंगलातून परतताना मध संचालनालयात गेलो. राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाचं हे कार्यालय महाबळेश्वरातच आहे. जवळचं मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, ते तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. मी मधाच्या बाटलीसाठी गेले होते. पण सुतारासाठी तिथली खरी वस्तू म्हणजे मधपेटी. सातेरी जातीच्या मधमाशा या पेटीत पाळतात. खाली पिल्लांचा कप्पा, वर मधाचा, आणि आत उभ्या चौकटी सरकवलेल्या. पोळं त्या चौकटींत बांधलं जातं, म्हणून एकेक चौकट बाहेर काढून मध घेता येतो आणि पोळं मोडावं लागत नाही. यातली गोम अशी की दोन चौकटींमध्ये मधमाशीला चालण्यापुरतीच जागा सोडावी लागते. जास्त सोडली तर त्या तिथेही पोळं बांधून चौकटी एकमेकींना चिकटवून टाकतात. ही जागा अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ साली ओळखली, आणि जगभर चालतात त्या पेट्या त्यावरूनच निघाल्या.

मिस्त्रीचा मुलगा इथे पहिल्यांदा पुढे झाला. त्याच्या खिडक्यांनाही मिलिमीटरचा हिशोब असतो. खिशातली टेप काढून त्याने अंतर मोजलं आणि बापाला म्हणाला, "इथे तुमचं अंदाजाचं माप चालणार नाही." मिस्त्री म्हणाला, "लाकूड फुगतं. पावसाळ्यात तुझं हेच माप बदलेल, मग माशा काय करतील?" त्यावर दोघांची चांगली पाऊण तास चर्चा झाली. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं आणि आक्रसतं. म्हणून जुन्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवलेली नसते. तिला फुगायला जागा ठेवलेली असते. जागा ठेवली नाही तर फळी तरी चिरते नाहीतर चौकट तरी उघडते. (मला यात संसाराबद्दलही काहीतरी दिसलं, पण मिस्त्रीची बायको शेजारीच होती, म्हणून बोलले नाही.)

मग पाचगणी. टेबललँडवर घोडागाडी वगैरे झालं, पण सुताराने पाहायचे ते रस्त्याकडेचे सिल्व्हर ओक. टीव्हीवर बातम्यांत एका बंगल्याचं नाव म्हणून तुम्ही हे नाव रोज ऐकता. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने पाचगणी वसवली आणि बाहेरची झाडं आणून लावली, त्यांत सिल्व्हर ओक प्रसिद्ध. झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं आणि नावात ओक असला तरी ओकच्या कुळातलं नाही. पानाची खालची बाजू रुपेरी, म्हणून सिल्व्हर. आणि लाकूड ओकसारखं दिसतं, म्हणून ओक. दक्षिणेत चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी हेच लावतात. वाऱ्याने पडलेल्या एका झाडाचे ओंडके रस्त्यालगत होते. मिस्त्री खाली बसला आणि कापलेल्या तोंडावर बोट फिरवून दाखवू लागला. गोल वर्षवलयं आपल्याला पाठ असतात, पण गाभ्यापासून सालीकडे सरळ जाणाऱ्याही रेषा असतात. ओंडका त्या रेषांच्या दिशेने चिरला तर फळीवर चमकदार ठिपके उमटतात, रेशमासारखे. नुसता सरळ चिरत गेलं तर तेच लाकूड सामान्य दिसतं. "झाड तेच. कुठून कापलं त्यावर सगळं." हे वाक्यही वहीत गेलं.

शेवटचं ठिकाण पसरणी घाट उतरून वाईजवळचं मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा. माझ्या मते सुतारासाठी साऱ्या सहलीतलं हेच मुख्य, यासाठी दिवस राखून ठेवावा. कृष्णेचा घाट, देवळं, आणि वसईच्या १७३९च्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक इथे आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. 'स्वदेस' सिनेमातला घाट म्हणून मुलं फोटो काढत होती. आम्ही वाड्यात गेलो. सहा चौकांचा वाडा, भित्तिचित्रं, आणि जिकडे तिकडे लाकूड. खांब, तुळया, वर कडीपाट.

मिस्त्री आधी खाली बघायला लागला. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. ओल आणि वाळवी जमिनीतून येते, ती दगडापाशी अडते. मग वर पाहिलं. खांबाच्या डोक्यावर आडवा हस्त, त्यावर तुळई. तुळईचा भार हस्त दोन्ही बाजूंनी थोडा पुढे जाऊन झेलतो. जोड कसे, तर एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ, आणि आरपार लाकडी खुंटी. लोखंडाचा खिळा ओलीने गंजतो आणि भोवतीचं लाकूड खातो, खुंटी लाकडाबरोबर फुगते नि आक्रसते.

पुण्याचा शनिवारवाडा १७३०-३२ सालांत बांधला, त्याला जुन्नरच्या जंगलातलं सागवान आणलं होतं. १८२८च्या आगीत ते सगळं जळालं आणि आज आपण दगडी तट, दरवाजे आणि जोती पाहून येतो. म्हणून मेणवलीसारख्या ठिकाणी उभं राहिलं की कळतं, काय गेलं. मी हे सांगत होते आणि मिस्त्रीचा मुलगा वर जोडाकडे पाहत होता. एकदम म्हणाला, "बाबा, हे उघडता येतं?"

मिस्त्री म्हणाला, "बांधलंय तसंच उघडतं. खुंटी उलट्या बाजूने ठोकायची. जे शेवटी बसवलं ते आधी काढायचं. घाई केली की जीभ तुटते, मग जळणाला."

मंडळी, मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. लाकडाचं घर बांधणाऱ्याने ते उघडण्याची सोय करूनच बांधलेलं असतं. पूर्वी वाडे उतरवत आणि त्याच तुळया दुसऱ्या घराला लावत. 'घर पाडणं' हा आपला शब्द, स्लॅबच्या काळातला. सुताराच्या तोंडी शब्द आहे 'घर उतरवणं'. देव उतरवतात, ओझं उतरवतात, दृष्ट उतरवतात, तसं.

निडीला परत आल्यावर चार दिवसांनी बाप-लेक आमच्या घरी आले. मी बोलावलं नव्हतं, आपण होऊन आले. मुलगा माळ्यावर चढला, मोबाइलच्या उजेडात एकेक जोड पाहत गेला. थोड्या वेळाने वरून हाक आली, "आजी, इथे कोणीतरी खुणा केल्यात." खांबाच्या वरच्या टोकाला पटाशीने पाडलेल्या बारीक रेघा. एका खांबाला एक, पुढच्याला दोन, तिसऱ्याला तीन. आणि त्या त्या खांबावर बसलेल्या तुळईच्या टोकाला तेवढ्याच. या घरात मी लग्न होऊन आले त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. माळ्यावर आंबे पिकत घातले, भात ठेवला, पोरांची आजारपणं काढली, पण या रेघा मला ठाऊक नव्हत्या. मिस्त्रीने सांगितलं, सांगाडा आधी अंगणात आडवा जुळवून पाहिला असेल, खुणा केल्या असतील, मग सोडवून उभा केला असेल. म्हणजे हे घर एकदा उतरवून झालेलंच आहे, उभं राहण्यापूर्वी! आणि ज्या सुताराने त्या रेघा पाडल्या त्याचं नाव आपल्याला सांगता येत नाही, पण उतरवण्याचा क्रम तो लिहून ठेवून गेला आहे.

दोघांनी मोजदाद करून दिली. खांब अठरा. त्यातले तीन खालून हातभर वाळवीने खाल्लेले, तेवढा तुकडा कापून बाकीचा वापरता येईल. तुळया अकरा, सगळ्या चांगल्या. मधले खांब सागाचे, पडवीचे ऐनाचे. पुढचं दार, चौकट, गणेशपट्टीसकट उत्तम. वासे निम्मे गेले आहेत, ते जळणालाच. माळ्याच्या फळ्या पाहून घ्याव्या लागतील.

आता पुतण्यांनो, तुमच्यासाठी. जेसीबीने एका दिवसात काम होईल हे खरं. पण त्यात प्रत्येक जोडाची जीभ तुटेल, आणि व्यापारी मग कशाची किती किंमत लावेल ते तुम्हीच पाहा. मिस्त्री, त्याचा मुलगा आणि आणखी दोन माणसं लावली तर बारा-पंधरा दिवस लागतील. मजुरी द्यावी लागेल. उक्त्या रकमेचा मोठा भाग त्यात जाईल, हे मी लपवत नाही. बदल्यात पुढचं दार आणि चौकट नव्या घराला लागेल, चार तुळयांचा झोपाळ्याचा सांगाडा आणि व्हरांड्याचे खांब होतील. उरलेल्यातून प्रत्येकाच्या घरी एकेक वस्तू जाईल. फ्लॅटमध्ये तुळई मावत नाही, पण पाट मावतो, पुस्तकांची फळी मावते, देव्हारा मावतो. जे नको असेल ते खुशाल विका, अखंड लाकूड म्हणून विका. मी काही घर वाचवा म्हणत नाही. उतरवा म्हणते, पाडू नका.

आणखी एक. मिस्त्रीचे हात आता थरथरतात, त्यामुळे एवढं मोठं काम तो पुन्हा घेईल असं वाटत नाही. मुलाने काम करायचं कबूल केलं आहे ते एका अटीवर, बाबांनी वर चढायचं नाही. खाली खुर्ची टाकून बसायचं आणि आधी काय, मग काय ते सांगायचं. मिस्त्रीने ही अट मान्य केली. जो माणूस माझं कधी ऐकला नाही त्याने मुलाचं ऐकलं. त्याची बायको मला म्हणाली, "बाई, सहल पावली." त्या मुलाने उद्या खिडक्याच कराव्यात, पोट त्यावरच आहे. पण एकदा त्याने बापाच्या सांगण्यावरून एक घर उघडलेलं असेल, तर त्याच्या हाताला ते राहील. आपल्या भाऊबंदकीच्या बारा दिवसांच्या धीरावर हे अवलंबून आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

कामाला पावसाळ्याआधी हात घालायचा तर गुढीपाडव्यापर्यंत निर्णय हवा. हिशोबाचा कागद मिस्त्रीच्या अक्षरात आहे, तो घरच्या ग्रुपवर पाठवते. अक्षर वाईट आहे, पण बेरीज मी तपासली आहे, बरोबर आहे.

बाकी वाचकांना एवढंच सांगते. यंदा महाबळेश्वरला जाल तेव्हा बरोबर एखादा सुतार, गवंडी, लोहार, जो ओळखीचा असेल तो घेऊन जा. तुमचेही पॉइंट राहून जातील. आणि तुमच्या गावच्या घराला अशा खुणा आहेत का, ते माळ्यावर चढून पाहा. सापडल्या तर मला जरूर कळवा.